न वाचता दिलेला होकार

गेल्या पावसाळ्यात एका सकाळी आमच्या घरचा संगणक सुरू होईना. भाषेच्या चळवळीशी या गोष्टीचा काय संबंध, असे वाचकांना वाटेल. पहिले दोन दिवस आम्हालाही तसेच वाटत होते. संबंध तिसऱ्या दिवशी ध्यानात आला, आणि तो आल्यावर आमची आम्हालाच लाज वाटली. म्हणून ही हकीकत येथे लिहून ठेवीत आहोत.

या संगणकात आमच्या घरातले फारसे काही नाही. आहे ते बहुतेक चळवळीचे. निवेदनांच्या प्रती आहेत, सरकारी कार्यालयांनी कानडीतून धाडलेल्या उत्तरांची छायाचित्रे आहेत, आणि २००४ साली महाराष्ट्र शासनाने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला तेव्हापासूनची कात्रणे आहेत. याशिवाय आणखी एक गोष्ट होती, आणि आमच्या लेखी तिचे मोल या सर्वांहून अधिक होते. ती म्हणजे सीमाभागातल्या बोलीच्या शब्दांची यादी. खेडोपाडी सभांना जाता-येता, रात्री मुक्कामाला राहता राहता ऐकलेले शब्द आम्ही वर्षानुवर्षे टिपून ठेवले होते. इतर भागांत जिला पाभर म्हणतात, तिला आमच्याकडचा शेतकरी 'कुरी' म्हणतो. शेजारच्या बांधावरचा कानडी शेतकरी 'कूरिगी' म्हणतो. पुण्याचा माणूस 'येतोय' म्हणेल तेथे आमचा मनुष्य 'येऊलालो गा' म्हणतो. असे सतराशेच्या आसपास शब्द आणि प्रयोग, कोणाच्या तोंडून आणि कोणत्या गावी ऐकले याच्या नोंदीसह, एका धारिकेत होते.

आता मूळ घटनेकडे वळतो. संगणकावर विषाणूंचा पहारा करणारे एक सॉफ्टवेअर आम्ही काही वर्षे विकत घेत होतो. त्याची मुदत संपली. पडद्याच्या कोपऱ्यात दर तासाला तांबडी सूचना झळकू लागली. बाजारात गेलो असता दुकानदाराने दुसरे एक स्वस्तात देऊ केले. आम्ही ते घेतले. घरी येऊन जुने काढून टाकले आणि नवे घातले. जुने काढताना त्याने इंग्रजीत एक प्रश्न विचारला. चार ओळींचा मजकूर होता, खाली 'येस' आणि 'नो' अशी दोन बटणे होती. रात्र झाली होती, विजेचा भरवसा नव्हता. आम्ही 'येस' दाबले. या बटणाकडे पुढे पुन्हा यावे लागेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी संगणक लावला तर काळा पडदा आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांची एकच ओळ. आमचा निष्कर्ष तत्काळ निघाला. नव्या पहारेकऱ्याने घर जाळले! पुण्याला मुलीला फोन लावला. ती या क्षेत्रात नोकरी करते.

"बाबा, पडद्यावर काय लिहिलंय?"

"डिस्क खराब झाली असं लिहिलंय," आम्ही म्हणालो.

"अर्थ सांगू नका. अक्षरं वाचून दाखवा."

आम्ही चष्मा पुसून वाचले. 'रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस.' त्यात डिस्क खराब झाल्याचे कोठेही म्हटलेले नव्हते. संगणकाचे म्हणणे एवढेच होते की, मी कोणत्या साधनावरून सुरू व्हायचे ते मला योग्य प्रकारे सांगा. वाक्य न वाचताच आम्ही त्याचा अर्थ लावून मोकळे झालो होतो.

येथे 'बूट' या शब्दाविषयी दोन शब्द सांगणे या लेखमालेच्या वाचकांना अस्थानी वाटणार नाही. बुटाच्या मागच्या बाजूला तो ओढून चढवण्यासाठी जो चामडी पट्टा असतो, त्याला इंग्रजीत 'बूटस्ट्रॅप' म्हणतात. स्वतःच्याच बुटाचा पट्टा धरून स्वतःला वर उचलणे, ही त्या भाषेतली अशक्य गोष्टीची जुनी कल्पना. संगणकापुढेही तोच पेच असतो. कार्यप्रणाली डिस्कवर असते, आणि डिस्क वाचायला कार्यप्रणाली लागते. म्हणून मुख्य फलकावरच्या चिपमध्ये एक लहानसा प्रारंभिक कार्यक्रम कायमचा बसवलेला असतो. तो डिस्कचा पहिला तुकडा वाचतो, आणि त्या तुकड्यातला मजकूर पुढच्याला हाक मारतो. जुन्या पद्धतीच्या डिस्कवर हा तुकडा ५१२ बाईटचा असून त्यातले ४४६ बाईटच सूचनांसाठी मोकळे असतात. आजच्या युनिकोडच्या रूढ साठवणीत देवनागरीचे एकेक चिन्ह ३ बाईट घेते. म्हणजे तेथे एकही सूचना न ठेवता नुसती मराठी लिहायची म्हटली तरी १४८ चिन्हांत जागा संपेल. शिवाय ती चिन्हे पडद्यावर काढण्यासाठी लागणारे वळण तेथे नसतेच. उंबऱ्यावरच्या या सूचना इंग्रजीत राहिल्या, त्याला एक कारण ही जागेची टंचाईही आहे. प्रत्येक ठिकाणी द्वेषच शोधू नये, हे आम्ही स्वतःलाही बजावतो.

संगणकाच्या विषाणूंचा इतिहासही याच उंबऱ्यावर सुरू होतो. आयबीएम पद्धतीच्या वैयक्तिक संगणकांवरचा पहिला विषाणू मानला जाणारा 'ब्रेन' हा १९८६ साली लाहोरच्या दोन भावांनी लिहिला. तो फ्लॉपीच्या याच पहिल्या तुकड्यात जाऊन बसत असे, आणि आत त्या भावांचे नाव-पत्ताही असे. पुढच्या दशकात पुण्यात दोन मराठी भावांनी त्यावरच्या उताऱ्याचा व्यवसाय उभा केला. रहिमतपूरच्या काटकर घराण्यातले कैलास काटकर कॅल्क्युलेटर दुरुस्त करीत. त्यांचे बंधू संजय यांनी विषाणू काढण्याचे प्रोग्रॅम लिहिले, आणि त्यातून 'क्विक हील' उभे राहिले. रोग दोन भावांचा आणि औषधही दोन भावांचे, हा योग मोठा गमतीचा आहे.

शब्दांतही असाच योग आहे. 'व्हायरस' हा लॅटिन शब्द. त्याचा मूळ अर्थ विष. लॅटिन 'व्हायरस' आणि संस्कृत 'विष' हे एकाच प्राचीन मुळापासून आले आहेत, असे तौलनिक भाषाशास्त्र सांगते. तेव्हा 'व्हायरस'ला 'विषाणू' म्हणताना आपण भाषांतर करीत नाही, दूरच्या भाऊबंदाला घरच्या नावाने हाक मारतो. संशयित धारिका वेगळी ठेवण्याला 'क्वारंटाइन' म्हणतात. तो शब्द व्हेनिसच्या बोलीतला. तेथे बाहेरून आलेल्या जहाजाला बंदराबाहेर चाळीस दिवस थांबवीत, आणि चाळीस म्हणजे 'क्वारान्ता'. आपण त्याला विलगीकरण म्हणतो. आणि पहारेकरी विकत घेतल्यावर जो आकडी क्रमांक मिळतो, त्याला दुकानदार 'की' म्हणतो, आम्ही किल्ली म्हणतो. शालेय व्याकरणांत कानडीतून आलेल्या मराठी शब्दांची यादी असते. तीत हा 'किल्ली' शब्द असतो.

पुन्हा संगणकाकडे. मुलीच्या सांगण्यावरून आम्ही मागे लावलेला पेनड्राइव्ह काढला, कारण कधी कधी यंत्र त्यावरूनच सुरू होऊ पाहते. केबली काढून पुन्हा घट्ट बसवल्या. सुरू होताना 'डिलीट' कळ दाबून आतल्या निळ्या पडद्यावर गेलो. तेथे डिस्कचे नाव दिसत होते. म्हणजे ती जिवंत होती. "मग गोम दुसरीकडेच आहे, दुकानात न्या," मुलगी म्हणाली.

दुरुस्तीच्या दुकानातला तरुण घरी कानडी बोलणारा आहे. आमच्याशी तो आमच्याइतकेच चांगले बेळगावी मराठी बोलतो. आम्ही नव्या सॉफ्टवेअरवरचा राग सविस्तर सांगू लागलो. त्याने तो ऐकता ऐकताच निळा पडदा उघडला आणि कोपऱ्यावर बोट ठेवले.

"काका, तारीख बघितलासा काय?"

तेथे १ जानेवारी २००९ अशी तारीख होती.

"डिस्क गेली नाही की हो. सेल संपलाय."

मुख्य फलकावर रुपयाच्या नाण्यासारखा एक सेल असतो. वीज बंद असताना घड्याळ चालू ठेवणे आणि यंत्राच्या मांडणीची आठवण राखणे, हे त्याचे काम. तो काही वर्षे टिकतो. ज्या घरी रात्री मुख्य बटण बंद करतात, किंवा वीज वारंवार जाते, तेथे सारा भार त्याच्यावरच पडतो. आमचा सेल आदल्या रात्री मान टाकून बसला होता. त्यामुळे यंत्र आपली मांडणी विसरले. डिस्क कोणत्या रीतीने वाचायची आणि कोठून सुरुवात करायची, याचा क्रम कारखान्यातून निघाला त्या अवस्थेला गेला. पहारेकरी बदलणे आणि सेल संपणे एकाच रात्री घडले, एवढाच त्या दोहोंचा संबंध. त्या तरुणाने काही दहा-वीस रुपयांचा नवा सेल घातला, तारीख लावली, क्रम पूर्ववत केला, आणि संगणक सुरू झाला. मग त्याने डिस्कची प्रकृती तपासली. काही ठिकाणी ती झिजू लागली होती. म्हणून आधी सगळ्याची प्रत नव्या एसएसडीवर उतरवली आणि नंतरच बाकीचे काम केले. "आधी कॉपी, मग रिपेरी," हा त्याचा नियम. सोन्यासारखा आहे.

सीमाप्रश्नावर आमचे आणि त्याचे मत कदाचित जुळणार नाही. आमचे भांडण शासनाच्या आदेशाशी आहे, शेजाऱ्याच्या भाषेशी नाही, हे आम्ही व्यासपीठावरून नेहमी सांगत आलो. त्या दुपारी ते वाक्य कोणी बोलले नाही, आणि त्याची गरजही पडली नाही.

येथवरची गोष्ट सुखान्त आहे. तिसऱ्या दिवशी एका शिक्षकमित्राने 'कुरी' या शब्दाची नोंद मागितली. आम्ही यादी उघडायला गेलो. यादी नव्हती.

शोध घेता घेता उलगडा झाला तो असा. ती धारिका फार जुनी. पूर्वी आम्ही एका जुन्या डीटीपी फाँटमध्ये लिहीत असू. नंतर मजकूर युनिकोडमध्ये आणण्यासाठी त्याच धारिकेत एक मॅक्रो, म्हणजे आपोआप चालणारा लहान कार्यक्रम, घातला होता. अनेक विषाणूही मॅक्रोच्याच रूपाने पसरतात. जुन्या पहारेकऱ्याला संशय आला, आणि उन्हाळ्यातच त्याने ती धारिका उचलून विलगीकरणात ठेवली. त्याने तशी सूचनाही दिली असणार. आम्ही ती बंद केली असणार. विलगीकरणातली वस्तू पहारेकरी आपल्या कुलपात, सांकेतिक रूपात ठेवतो. ती तोच सोडवू शकतो. आणि त्याला काढून टाकताना त्याने जो प्रश्न विचारला होता, तो हा होता: विलगीकरणात ठेवलेल्या धारिकाही कायमच्या नष्ट करू का?

आम्ही 'येस' म्हटले होते.

पेनड्राइव्हवर जपून ठेवलेली प्रतही उपयोगी पडली नाही. दर महिन्याला आम्ही मूळ फोल्डरशी ती तंतोतंत जुळवून घेत होतो. मूळ ठिकाणची धारिका गेली, तशी जुळवताना प्रतीतूनही गेली. पुसलेल्या धारिका परत आणण्याचे प्रोग्रॅम असतात. त्या तरुणाने तेही चालवून पाहिले. जे सापडले ते कुलपासकट सापडले.

वाचकहो, आता आमच्या लाजेचे कारण सांगतो. ज्याला वाचता येत नाही अशा कागदावर कोणाही माणसाला सही करावी लागू नये, यासाठी आम्ही आयुष्याची बरीच वर्षे घालवली. ज्या भागात भाषिक अल्पसंख्याकांचे प्रमाण १५ टक्के वा त्याहून अधिक आहे, तेथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हे तत्त्व या देशाने मान्य केलेले आहे. त्याच्या आधारावर आम्ही किती निवेदने दिली, याचा हिशेब नाही. शेताच्या कानडी उताऱ्यावर अंगठा उठवून आलेल्या म्हाताऱ्याला आम्ही विचारले आहे, "आजोबा, काय लिहिलंय ते विचारलं का नाही?" तो म्हणाला होता, "साहेब घाईत होता." आमच्यासमोर कोणी साहेब नव्हता. घाईही आमचीच होती. इंग्रजी आम्हाला वाचता येते, म्हणून आमचा अपराध त्याच्याहून मोठा.

आणखी एक गोष्ट. विंडोजमध्ये मराठी भाषेचा संच विनामूल्य मिळतो. सेटिंग्जमध्ये 'टाइम अँड लँग्वेज' या विभागात जाऊन तो उतरवून घेतला की मेनू, बटणे आणि बहुतेक सूचना मराठीत दिसू लागतात. बसच्या पाट्या मराठीत असाव्यात म्हणून रस्त्यावर उतरणाऱ्या आम्ही, आमच्या टेबलावरची पाटी इतकी वर्षे इंग्रजीतच ठेवली होती. ती बदलायला कोणाची परवानगी लागत नव्हती. त्या पहारेकऱ्याची खिडकी तेव्हाही इंग्रजीतच राहिली असती, हे खरे आहे. पण पडद्यावरचे आपल्या भाषेत वाचण्याची सवय असती, तर परक्या भाषेतल्या चार ओळी दिसताच आम्ही कदाचित थबकलो असतो.

यादीचे पुढे काय झाले? माळ्यावरच्या पेटीत जुनी एक सीडी मिळाली. तीत यादीचे आधीचे रूप होते, पण उघडताच पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसला. जुन्या फाँटमध्ये मराठी अक्षर मराठी म्हणून साठवलेलेच नसे. इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी वळण काढून दाखवले जाई. फाँट गेला की मजकुराची मराठी जाते. युनिकोडमध्ये ळ-ला स्वतःचा क्रमांक आहे, म्हणून फाँट बदलला तरी ळ हा ळ-च राहतो. एका मित्राच्या छापखान्यातल्या जुन्या संगणकात तो फाँट मिळाला, आणि मजकूर पुन्हा मराठी झाला. रूपांतरात 'र'ची आणि जोडाक्षरांची मोडतोड झाली होती, ती हाताने सुधारली. एकूण हजार-साठ नोंदी परत आल्या. 'कुरी' परत आली.

सहाशेहून अधिक नोंदी आल्या नाहीत. त्यांतल्या कित्येक एका आजीच्या तोंडून टिपलेल्या होत्या. भाताच्या लावणीचे, चिखलणीचे, जात्यावरचे शब्द तिला जसे ठाऊक होते तसे आम्हाला दुसरे कोणी भेटले नाही. दोन वर्षांपूर्वी ती गेली. तिच्या शब्दांतले काही आमच्या स्मरणात आहेत. ते लिहून काढले, पण वाक्य आठवत नाही आणि नेमका अर्थही नाही. अशा नोंदींपुढे अर्थाची जागा आम्ही कोरी ठेवली आहे. अंदाजाने भरलेली नाही.

ज्यांच्या घरी असेच काही संगणकात आहे, त्यांच्यासाठी चार गोष्टी. पहारेकरी बदलायचा असेल तर आधी त्याच्या विलगीकरणाच्या कोठडीत डोकावा आणि आपले निरपराध माणूस आत अडकले आहे का ते पाहा. त्यानंतर सर्व महत्त्वाच्या धारिकांची प्रत वेगळ्या ठिकाणी काढा, आणि जुन्या प्रतीवर नवी चढवू नका. जुना पूर्ण काढा, संगणक बंद करून पुन्हा सुरू करा, मगच नवा घाला. दोन पहारेकरी एकाच वेळी दारात उभे केले तर ते एकमेकांनाच अडवतात आणि यंत्र मंदावते. विंडोजबरोबर येणारा डिफेंडर दुसरा नसेल तेव्हा आपोआप कामाला लागतो. आम्ही आता त्याच्यावरच भागवतो. संगणकाची तारीख मागे पडू लागली तर डिस्कला दोष देण्याआधी सेल बदला. आणि शब्दसंग्रहासारखी गोष्ट साध्या युनिकोड मजकुरात ठेवा. त्यात मॅक्रो नको. एक प्रत कागदावर असू द्या.

आमची यादी आता तीन ठिकाणी आहे. त्यांतली एक प्रत छापून, शिवून, शिक्षकमित्राच्या शाळेच्या कपाटात ठेवली आहे. कोऱ्या जागा तीतही तशाच आहेत. निपाणी, खानापूर, बेळगाव, कारवार किंवा बिदर भागातल्या कोणा वाचकाच्या घरी लावणीची गाणी म्हणणारी आजी अजून असेल, तर तिच्याजवळ एक वही घेऊन बसावे. तिचे म्हणणे ऐकावे, लिहावे, आणि लिहिलेले तिला परत वाचून दाखवावे. बरोबर आहे, असे ती म्हणाली की मगच पुढच्या पानावर जावे.